एका माणसाचं खोपट

हेल्मी हार्युला पहिल्यांदा नजरेत भरली ती शाळेच्या स्वयंपाकघरात, वाटाण्याच्या सुपाच्या भल्यामोठ्या पातेल्यापुढे. बऱ्याच वर्षांपूर्वीचा, जानेवारीतला गुरुवार होता. मुलं वाडगे घेऊन रांगेत उभी होती आणि ही बाई डाव्या हातात डाव धरून पातेल्यात एकटक बघत होती. ढवळत नव्हती. डाव हलकेच वर उचलायची, सैल सोडायची, पुन्हा उचलायची. मनगट तेवढं हलत होतं, बाकी सगळं अंग स्तब्ध. शाळेत नव्याने लागलेल्या मास्तरीणबाईंना वाटलं, हिला घेरी येतेय की काय.

"हेल्मी, काय बघतेस गं त्यात?"

"काही नाही. सवय," ती म्हणाली आणि पहिल्या मुलाच्या वाडग्यात सूप वाढलं.

ही सवय कसली, ते कळायला तळ्यावर जावं लागलं.

गावाजवळच्या मड लेकवर बर्फ नीट धरला की गावातली निम्मी माणसं आपापली खोपटं तळ्यावर ओढून नेतात. गळ टाकून बसणाऱ्यांची खोपटं वेगळी. त्यांना खिडक्या असतात, आत रेडिओ लागलेला असतो. भाल्याने मासा मारणाऱ्याचं खोपट मात्र आंधळं. खिडकी नाही, फट नाही, आतून सगळं काळं. दार ओढून घेतलं की स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही. मग हळूहळू पायाशी बर्फात कापलेलं चौकोनी भोक उजळायला लागतं. बाहेरचा उजेड बर्फातून झिरपून पाण्यात उतरलेला असतो, तो त्या भोकातून हिरवट होऊन वर येतो. तळाची वाळू, शेवाळाचा एकेक धागा, तळ उठून दिसावा म्हणून टाकलेली अंड्यांची पांढरी टरफलं, सगळं लख्ख. आपल्याला मासा दिसतो, माशाला आपण दिसत नाही. एवढ्यासाठी तो काळोख. त्यात सुईएवढी फट राहिली तरी मासा बिचकतो.

हेल्मीच्या नवऱ्याचं, नेस्टरचं खोपट दोघांचं होतं. उजवीकडे नेस्टर बसायचा, हातात सात दातांचा भाला, भाल्याला दोर. तो भाला त्याच्या बापाने खाणीतल्या भट्टीवर घडवलेला. डावीकडे हेल्मी. तिच्या हातात एक बारीक दोरी, दोरीला नेस्टरने कोरलेला लाकडी मासा, पत्र्याचे पंख लावलेला. ती दोरी उचलायची, सोडायची, उचलायची. लाकडी मासा पाण्यात गोल गोल फिरायचा आणि त्याच्या भुलीने लांबवरून खरा पाइक मासा यायचा. भुलवायचं तिने, मारायचं त्याने. चाळीस हिवाळे हे असंच चाललं. खोपट अरुंद, गुडघ्याला गुडघा लागलेला. भाला तिने कधी हातात घेतला नाही. कुणी नको म्हटलं नव्हतं. कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, तिच्याही.

मग नेस्टरचे डोळे गेले.

गेले म्हणजे मधले गेले. समोर बघावं तिथे करडा डाग, आणि डागाच्या कडेकडेने जग. डॉक्टर म्हणाले, हे वाढायचं तेवढं वाढलं, आता पूर्ण काळोख व्हायचा नाही, पण सुधारायचंही नाही. नेस्टरने गाडीची किल्ली ओट्यावर ठेवली ती पुन्हा उचलली नाही. जुनं दोघांचं खोपट, जे गाडीशिवाय हलत नसे, ते त्याने शेजारच्या ऑगस्ट बिलबर्गला देऊन टाकलं. बदल्यात काही घेतलं नाही. आम्हा फिनिश लोकांना स्वीडिश माणसाचे उपकार नकोत, म्हणाला. उपकार तर तोच करत होता, पण हे त्याला कोण सांगणार. ऑगस्ट तीस वर्षं शेजारी राहत होता आणि तीस वर्षांत नेस्टरने त्याच्याकडे हातोडीसुद्धा मागितली नव्हती.

"तुझा चेहरा गेला बघ," नेस्टर एकदा सकाळी कॉफी पिताना हेल्मीला म्हणाला. "कान तेवढे उरलेत."

"कान बरे आहेत माझे."

"मोठे आहेत. लग्नात लक्षात आलं नव्हतं."

पहिल्या हिवाळ्यात तो असं बोलायचा. पुढे बोलणं आटलं आणि त्याची एकच हाक उरली. "कुठे आहेस?"

खिडकीजवळच्या खुर्चीत बसून तो विचारायचा. हेल्मी चुलीशी असो, तळघरात बटाटे काढत असो, मागच्या दारी लाकडं उचलत असो. "कुठे आहेस?" आणि ती म्हणायची, "इथेच." त्याला काही हवं असायचं असं नाही. चष्मा हवा नसायचा, पाणी हवं नसायचं. ती कुठे आहे, एवढंच हवं असायचं. माणूस रात्री चाचपडून भिंत शोधतो तसं. हेल्मीला हे समजत होतं. समजत होतं म्हणूनच ती चिडू शकत नव्हती. आणि चिडता येत नसलं की माणूस नुसता थकतो.

तो थकवा झोपेने जाईना. सकाळी उठायची तीच थकलेली. मोजे जोडीने लावायचे, काट्याने बटाटा कुस्करून द्यायचा, औषधाची बाटली हातात द्यायची, सांडलेलं पुसायचं. शनिवारी सौनात, अंगणातल्या वाफेच्या न्हाणीघरात, त्याला बाकावर चढवायचं, पाठ घासायची, उतरवायचं. मागच्या दारापासून सौनापर्यंत तिने त्याच्यासाठी दोर बांधून दिला होता, त्याला धरून तो एकटा जाई. पण तेवढ्या वेळातही तो दोरावरूनच हाक मारायचा. चर्चच्या तळघरात कॉफीला बसली असताना कुणी "हेल्मी" म्हटलं की तिच्या तोंडून आधी "इथेच" निघायचं. बायका हसायच्या. तीही हसायची.

तिसऱ्या वर्षी पानं गळायला लागली तेव्हा गॅरेजमधून करवतीचा आवाज यायला लागला.

तिने कुणाला काही विचारलं नव्हतं. गाडी विकल्यावर गॅरेज रिकामंच होतं. खाली जुन्या स्कीची जोडी, नेस्टरच्या बापाची, शेजारी शेजारी ठेवून तिने त्यावर प्लायवूडचा तुकडा ठोकला. म्हणजे ओढायला घसरगाडी झाली. मागच्या बाजूला एक पेटी, तीच बसायची जागा, तिच्यातच सामान. पुढे फळीला चौकोनी भोक, बर्फातल्या भोकावर बसेल असं. इथवर कुणीही केलं असतं. भिंतींचं काय करावं, यात तिचा आठवडा गेला. लाकडी भिंती ओढवणार नाहीत. तंबू उभा करायचा तर वाऱ्यात दोन माणसं लागतात, आणि तिला दोन माणसं नको होती.

शेवटी माळ्यावर बाळाची जुनी गाडी सापडली, लेकीची. तिचा टप तिने उघडला, मिटला, उघडला. मग स्प्रूसच्या लाकडाच्या बारीक पट्ट्या सौनातल्या वाफेवर मऊ करून वाकवल्या, पेटीच्या मागे बिजागरीवर बसवल्या, आणि तसाच टप केला, मोठा. बसायचं, हात मागे न्यायचा, टप डोक्यावरून पुढे ओढून पायांच्या पुढे बर्फाला टेकवायचा. झालं खोपट. उठताना मागे ढकलायचा. वर ताडपत्री. आत काळं कापड हवं होतं, ते शाळा बंद झाली तेव्हा मंचाच्या पडद्याचं मिळालं होतं. त्या पडद्यामागून दर नाताळला मुलांच्या नाटकातले तीन राजे बाहेर यायचे आणि त्यातला एक हटकून अडखळायचा. पडदा दुहेरी होता, जड होता. तिने त्याची शिवण उसवून एकच पदर घेतला.

ऑगस्ट बिलबर्ग कॉफीच्या वासावर आला आणि गॅरेजच्या दारात उभा राहिला. बराच वेळ त्याने टोपी मागेपुढे केली.

"हेल्मी, बाळ कुठंय?"

"आत आहे. ऐंशीला टेकलंय."

"मग गाडी लहान झाली की."

"त्याची नाही. माझी आहे."

ऑगस्ट वाकून आत बघायला लागला. बैठक बोटांनी मोजली. "एकाचीच?"

"एकाचीच."

"आणि नेस्टर?"

हेल्मीने खिळा तोंडात धरला होता. तोंडात खिळा असला की उत्तर द्यावं लागत नाही.

ऑगस्टने कॉफी घेतली, वेलदोड्याच्या पावाचे दोन तुकडे खाल्ले आणि जाऊन दुकानात सांगितलं. गाव लहान. दोन दिवसांत सगळ्यांना ठाऊक. नवरा जिवंत असताना बाई एका माणसाचं खोपट बांधतेय. कुणी म्हणालं, चांगलं आहे, तिलाही मोकळीक हवी. कुणी म्हणालं, शंभर वेळा त्याला घेऊन बसली, आता त्याला दिसेना तर बाजूला सारलं. दोन्ही तिच्या कानावर आलं. पहिलं ऐकून तिला बरं वाटलं नाही आणि दुसरं ऐकून राग आला नाही. राग यायला अंगात थोडी शिल्लक लागते.

नेस्टरला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याला करवतीवरून लाकूड ओळखता यायचं. मग एकदा जेवताना चमचा हातात धरून म्हणाला, "बैठक किती जणांची?"

"एक."

त्याने चमचा ठेवला. सावकाश ठेवला, वाडग्याची कड आधी बोटाने शोधून. "भाला माझ्या बापाचा आहे," म्हणाला.

"माहीत आहे."

"तो सौनाच्या भिंतीवर आहे, तिथेच राहील."

"राहू दे."

त्यानंतर त्या घरात शांतता झाली. आमच्याकडे शांततेला कुणी घाबरत नाही, पण ही वेगळी होती. नेस्टर हाक मारायचा मात्र थांबला नाही. उलट वाढवली. "कुठे आहेस?" "इथेच." यापलीकडे दिवसभरात एक शब्द नाही. हेल्मीला वाटायचं, हे सगळं मोडून चुलीत घालावं. रोज वाटायचं. मग ती गॅरेजमध्ये जाऊन एखादी शिवण पुरी करायची.

तळ्यावर बर्फ धरला. चांगला जाड झाला. ऑगस्टने आपली मोटारीची करवत घेऊन जाऊन लव्हाळ्यापलीकडे तिच्या मापाचं भोक कापून दिलं, कडेने स्प्रूसच्या फांद्या खोचल्या, कुणी चुकून पाऊल घालू नये म्हणून. "रोज सकाळी साय धरेल तेवढी पहारीने फोड," म्हणाला. "आणि आमच्या चर्चातली टरफलं टाकलीत तळाशी. आम्ही स्वीडिश लोक कॉफी उकळताना अंडं फोडून घालतो ना, त्याची आहेत. तुमच्या फिनिश माशांना चालतील का?"

"त्यांना विचारलं नाही अजून."

आता फक्त काळोख तपासायचा राहिला होता. खोपट तळ्यावर नेण्याआधी भर दुपारी उन्हात ठेवायचं, आत बसायचं, आणि कुठून उजेड टोचतो ते बघायचं, अशी पद्धत आहे. एक फट राहिली तर तळ्यावर जाऊन सगळं फुकट. जेवण झालं, नेस्टर खुर्चीत डुलक्या घ्यायला लागला, तशी हेल्मीने खोपट गॅरेजमधून ओढून भाजीच्या वाफ्यांवरच्या बर्फात आणलं. ऊन असं होतं की डोळे उघडवत नव्हते. ती पेटीवर बसली आणि टप ओढून घेतला.

काळोख. पडद्याला अजून शाळेच्या खडूचा वास होता. डोळे सरावायला वेळ लागतो, म्हणून ती मांडीवर हात ठेवून बसून राहिली. कुठे कुठे उजेडाचे टोचे दिसायला लागले, दोन, तीन. खुणेसाठी खिशात खडू होता. काढते, म्हणाली मनाशी. जरा वेळाने काढते. कुणी हाक मारत नव्हतं. टपावर ऊन पडून आत हलकी ऊब आली होती. हात मांडीवरच राहिले.

तिला जाग आली ती ताडपत्रीवर थापा पडल्या तेव्हा.

"कुठे आहेस?"

"इथेच," ती झोपेतच म्हणाली.

टप मागे ढकलला तर बाहेर नेस्टर. अंगात नुसता स्वेटर, पायात घरातले सपाट जोडे, त्यात बर्फ भरलेला. नंतर त्याने सांगितलं ते असं : हाक मारली, उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. तीन वर्षांत पहिल्यांदा उत्तर आलं नव्हतं. स्वयंपाकघर चाचपलं, तळघराच्या जिन्यावर ओरडून झालं, मग दोर धरून सौनापर्यंत आला. सौना थंड. परत फिरताना डोळ्याच्या कडेला, पांढऱ्यावर काहीतरी काळं दिसलं. तेव्हा त्याने दोर सोडला. उघड्या अंगणातून, गुडघाभर बर्फातून, काही न धरता आला.

"जोडे बघ तुझे," हेल्मी म्हणाली. "बूट कुठे आहेत?"

"मेलीस वाटलं."

"मेले नाही. झोप लागली."

"घरात पलंग आहे."

"घरात तू आहेस."

हे तिच्या तोंडून गेलं आणि परत घेता आलं नाही. छपरावरून बर्फाचा एक मोठा गोळा खाली पडला.

"सरक," नेस्टर म्हणाला.

"एकाचंच आहे."

"मग उठ."

ती उठली. त्याने हाताने पेटी शोधली, बसला, पाय भोकाच्या दोन्ही बाजूंना टेकवले. चाळीस वर्षांची सवय, पाय आपोआप गेले. "ओढ," म्हणाला. हेल्मीने टप त्याच्यावर ओढला. आतून बराच वेळ काही आवाज नाही. तिला वाटलं, याचाही डोळा लागला.

मग आतून आवाज आला, जुना, कामाचा आवाज. "उजवीकडे वर एक आहे. दुसऱ्या काठीच्या खाली."

"काय आहे?"

"भोक. बोट लाव बाहेरून. खाली. अजून खाली. हां, गेलं."

तिने खडूने खूण केली. समोरचं ताट त्याला दिसत नसे, पण काळोखात कडेला चमकणारा एवढासा टोचा त्याला दिसत होता. तो मान तिरकी करून शोधत असणार, हे तिला न बघता कळत होतं. मागच्या शिवणीत दोन निघाले. बिजागरीपाशी एक, जो तिला कधीच सापडला नसता.

"टाके लांब घातलेस," आतून आवाज.

"हात दुखत होता."

"मेण लाव वरून."

मग आत धप्प आवाज झाला आणि तोंडातल्या तोंडात एक शिवी.

"काय झालं?"

"कोपर. हेल्मी, भाला कुठून उचलणार तू?"

"म्हणजे?"

"माझा हात वर जात नाही. काठी आडवी येते."

"तुझे हात लांब आहेत."

"मग तुझा घालून बघ."

पुन्हा अदलाबदल झाली. ती बसली. डावा हात मोकळा होता, अगदी हवा तसा. दोरी गुंडाळायची खुंटीसुद्धा हाताशी. उजवा उचलला तो खांद्याच्या वर जाईना. तिने पुन्हा उचलला. पट्टीला आपटला.

चूक तिथल्या तिथे तिच्या ध्यानात आली. माप तिने स्वतःच्या अंगाचंच घेतलं होतं, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून, नीट, फीत लावून. पण बसली होती नेहमीसारखी. डावीकडे ऐसपैस आणि उजवा खांदा आखडून, हात पोटाशी. तिच्या उजव्या गुडघ्यापाशी, जिथे इतकी वर्षं नेस्टरचा गुडघा सुरू व्हायचा, तिथे तिने भिंत घातली होती. भोकसुद्धा डावीकडे सरकलेलं.

नेस्टरने बाहेरून हाताने काठी चाचपली, बैठकीची कड चाचपली. त्यालाही कळलं. "हे भुलवणारीचं खोपट झालं," म्हणाला. "मारणारा बाहेरच राहिला."

"मला मारायचं नाहीच आहे."

बोलून झाल्यावर तिला ते खरं असल्याचं कळलं. इतके दिवस लोक विचारत होते, भाला कसा फेकशील, खांदा साथ देईल का, आणि ती म्हणत होती, बघू. त्याने भाला नाकारला तेव्हा तिला वाईट वाटायला हवं होतं, ते वाटलं नव्हतं.

"मग कशाला बांधलंस?"

"बसायला. कुणी हाक मारणार नाही अशा जागी."

नेस्टर तिच्याकडे, म्हणजे तिच्या कानाकडे बघत उभा राहिला. ओठ निळे पडले होते. "मी फार हाका मारतो का?"

इथे दुसरी कुणी "नाही रे" म्हणाली असती. हेल्मीच्याही तोंडावर ते आलं होतं.

"हो," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला.

तिने त्याचा हात धरून घरात आणलं, पाय कोमट पाण्यात घातले. बोटं पांढरी झाली होती, हळूहळू लाल झाली. संध्याकाळपर्यंत त्याने एकदाही हाक मारली नाही. हेल्मी चुलीपाशी उभी राहून त्या हाकेची वाट बघत होती आणि स्वतःवर वैतागत होती.

दुसऱ्या दिवशी ती कोठीच्या खोलीत लोणच्याच्या बरण्या पुसत असताना तिला फोनची चकती फिरल्याचा आवाज आला. अडखळत फिरत होती, भोकं बोटाने मोजल्यासारखी. मग नेस्टरचा आवाज.

"ऑगस्ट? नेस्टर बोलतोय. नाही, कुणी मेलेलं नाही. तुला मंगळवारी सकाळी काही काम असतं का? शुक्रवारी? काही नको आहे मला. पत्ते खेळायला येशील का, विचारतोय. हो, पत्ते. पान डोळ्याच्या कडेला धरलं की दिसतं. तू फसवशील ते माहीत आहे. तीस वर्षं माहीत आहे." थोडा वेळ पलीकडचं ऐकून तो म्हणाला, "नाही, ती घरी नसेल. तळ्यावर असेल. दुपारपर्यंत."

हेल्मीने बरणी फडताळात ठेवली. झाकण नीट बसलं नव्हतं, ते पुन्हा बसवलं. कोठीतून बाहेर आली तेव्हा नेस्टर खुर्चीत बसला होता, जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्याने.

"कोण होतं फोनवर?"

"चोर," तो म्हणाला. "मंगळवारी येतोय. पाव करून ठेव, नाहीतर बोलत बसेल."

मंगळवारी ती निघाली. पेटीत लाकडी मासा, कॉफीची बाटली, आणि पायाशी ठेवायला सौनाच्या चुलीवर तापवलेला दगड, जुन्या मोज्यात घातलेला. ऑगस्ट पायऱ्यांवर बूट झाडत होता.

"भाला विसरलीस, हेल्मी."

"नाही विसरले."

"मग मासा आला तर काय करशील? ओरडशील त्याच्यावर?"

"तुला आतून बोलावतायत," ती म्हणाली.

खोपट हलकं होतं, पण एकाहत्तराव्या वर्षी हलकंही जड लागतं. उतारावर गाडी तिच्या टाचांना येऊन टेकायची, तळ्यावरच्या भुसभुशीत बर्फात रुतायची. लव्हाळ्यापाशी ती थांबली आणि कमरेवर हात ठेवून नुसती उभी राहिली. परत जावं असंही मनात आलं. पण परतही ओढायचंच होतं. भोकावरची साय पहारीने फोडली, तुकडे चाळणीच्या डावाने काढले, गाडी वर सरकवली, बसली आणि टप ओढला.

पाणी हळूहळू उजळलं. टरफलं दिसायला लागली, चर्चातल्या कॉफीची. तिने मासा सोडला. उचल, सोड, उचल. उजवा हात पोटाशी आखडलेला होता, तिने तो ओळखून सैल केला. थोड्या वेळाने पाहिलं तर पुन्हा आखडलेला. राहू दे म्हणाली.

बराच वेळ काही आलं नाही. नेस्टर आत्ता काय करत असेल, असं दोनदा मनात आलं. पाय पुसायचं पोतं दारात ठेवलं का, तेही आलं. मग तेही यायचं थांबलं. आणि मग कडेच्या काळोखातून तो आला, जसे ते येतात तसा, आल्याचं न कळवता. आधी काही नव्हतं आणि मग भोकभर मासा होता. लांबलचक, पाठीवर फिक्या ठिपक्यांच्या ओळी, कल्ले हलकेच उघडमीट करणारे. लाकडी माशाच्या शेजारी तो थांबला. चाळीस वर्षांत याच क्षणी उजवीकडून श्वास रोखल्याचा आवाज यायचा, आणि मग भाला. हेल्मी थांबली. काहीच झालं नाही. माशाने लाकडी माशाला थोडं नाकाने ढकललं, त्याला कंटाळा आला असावा, आणि तो निघून गेला. तळाशी थोडी वाळू उठली ती हळूहळू बसली.

तिने कॉफी घेतली. मग भिंतीला डोकं टेकून झोपली.

दुपारी ती परतली तेव्हा ऑगस्ट दारात बूट चढवत होता आणि आपण एकदाही फसवलं नाही असं शपथेवर सांगत होता. नेस्टर टेबलाशी बसला होता. त्याने "कुठे होतीस" विचारलं नाही.

"आला?"

"आला एक."

"केवढा?"

हेल्मीने हातमोजे काढले, त्याच्यामागे जाऊन उभी राहिली, त्याचे दोन्ही पंजे हातात घेतले आणि टेबलावर एकमेकांपासून दूर नेले. दूर, अजून थोडे. मग थांबली.

"खोटं," नेस्टर म्हणाला.

"असाच होता."

"मी मारला असता."

"हो," ती म्हणाली. "मारला असतास." आणि त्याच्यासाठी बटाटे कुस्करायला घेतले.

थकवा गेला, असं म्हणता यायचं नाही. सौनात त्याला चढवायचं असतं, मोजे जोडीने लावायचे असतात, आणि हाका पुन्हा सुरू झाल्या, थोड्या कमी. टपाचं माप तिने बदललं नाही. पुढच्या उन्हाळ्यात ऑगस्टने एक काठी सरकवून देऊ का, असं विचारलं, तर म्हणाली, असू दे, सवय झाली आहे.

हेल्मी आता पंचाहत्तर वर्षांची आहे. हिवाळ्यात मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी ती तळ्यावर असते. भाला सौनाच्या भिंतीवर आहे.